मगदूम सरांचं बिनशब्दांचं पोस्टर

मगदूम सर ट्रेलर बघायचे ते भिंतीकडं तोंड करून. प्रोजेक्टर चालू, पडद्यावर गाड्या उडतायत, कुणीतरी बाई धाय मोकलून रडतेय, आणि आमचे सर खुर्ची उलटी फिरवून पाठमोरे बसलेत. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, माणूस आल्याआल्याच रागावला. ट्रेलर संपल्यावर ते वळले आणि त्यांनी विचारलं, "कोण मेलं?" आम्ही वर्गभर डोळे फाडून बघितलं होतं, पण कोण मेलं ते एकालाही सांगता येईना. सरांनी नुसतं ऐकून सांगितलं, की थोरला भाऊ मेलाय, धाकट्याला ते अजून माहीत नाही, आणि बाईला माहीत आहे पण ती बोलणार नाही. मग तोच ट्रेलर त्यांनी आवाज बंद करून परत लावला. आता कान मिटा, म्हणाले, आणि डोळ्यांनी सांगा, कोण कुणाला भितंय.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात माध्यम विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक दमेकरी प्रोजेक्टर आणि मगदूम सर. बाकीचे प्राध्यापक तासावर यायचे आणि जायचे. सर तिथं नांदायचे. ठेंगणी मूर्ती, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, पायात चामडी चप्पल आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा आणि उकळून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली. सर जैन. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं म्हणजे व्हायचं. शूटिंग कुठंही असो, ऊन कलंडलं की सर घड्याळाकडं न बघता आकाशाकडं बघायचे आणि डबा उघडायचे, की आम्ही समजायचं, आजचं काम संपलं. त्यामुळं सरांच्या हाताखालच्या एकाही फिल्ममध्ये रात्र नाही. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्याबद्दल आमच्या विभागाचं लांबलचक कौतुक केलं, सांगलीच्या मुलांची ही प्रकाशाची शैली म्हणून. सर मान डोलवत ऐकत होते. परतताना म्हणाले, माझ्या भाकरीला शैली म्हणालेत, सांगू नका कुणाला.

ते सगळ्यांना 'गड्या' म्हणायचे. मुलांनाही आणि मुलींनाही. मी पलूसची, आमच्याकडं पोरीला गड्या म्हणत नाहीत. मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलं, "सर, मी मुलगी आहे." तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "व्हय की. पण माईक धरलायस नव्हं गड्या? मग धर की नीट." मी धरला.

तर या माणसाचा एक नियम होता, आणि त्या नियमापायी आम्ही मेटाकुटीला यायचो. शॉर्टफिल्म करायची तर आधी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पावसाळा सगळा जायचा ट्रेलर, पोस्टर आणि गोष्ट यांच्यातच. इतर कॉलेजांची पोरं ड्रोन उडवत होती, आणि आम्ही कोपऱ्यात बसून वाद घालतोय, की ट्रेलरमध्ये आईचं तोंड दाखवायचं का नुसते हात.

ट्रेलरबद्दल सरांचं म्हणणं असं, की पोरगी बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण त्यांना सोप्यात बसवतो, माजघरात नेत नाही. पण पाहुणा असा उठला पाहिजे, की घरी जाताना वाटेत त्याला माजघराचाच विचार पडला पाहिजे. आम्ही पहिले जे ट्रेलर करून नेले त्यात सोपा, माजघर, परसू, गोठा सगळंच होतं. सर शांतपणे शेवटपर्यंत पाठ करून ऐकायचे आणि म्हणायचे, झालं, पाहुणे जेवून झोपले की.

पोस्टर पारखायची त्यांची तऱ्हा तर जगावेगळी. सरांकडं जुनी स्कूटर होती. वर्गातल्या एकेकाला मागं बसवायचे, पोस्टर कॉलेजच्या कुंपणाला टांगायचे आणि त्याच्यासमोरून सुसाट न्यायचे. वळणापलीकडं गेलं की गाडी थांबवून प्रश्न, काय दिसलं? आपल्याकडं पोस्टर कुणी उभं राहून बघत नाही, हे त्यांचं म्हणणं. गाडीवर मागं बसलेल्या बाईनं मान वळवली आणि वळणापर्यंत ती मान तशीच राहिली, तर पोस्टर पास. आमच्या भागात चौकाचौकात फ्लेक्स. वाढदिवस, निवड, नियुक्ती, सगळ्याला फ्लेक्स, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. आमचीही पोस्टरं तशीच व्हायची. नायक, नायिका, खलनायक, कॅमेरामन, सगळ्यांना जागा पाहिजे. सर ते बघून हात जोडायचे. एक माणूस ठेवा, म्हणायचे, आणि त्याच्या तोंडावर एक प्रश्न ठेवा, बाकीच्यांना घरी पाठवा.

आणि तिसरी पारख गोष्टीची. ती व्हायची माझ्या मावशीच्या शेडमध्ये. पलूसजवळ मावशीची बेदाण्याची शेड आहे. पंधरावीस बायका ओळीनं बसून बेदाणा निवडतात, काड्या वेगळ्या, काळा माल वेगळा. बोटं मशीनसारखी चालतात, तोंडं त्याहून जोरात. एकदा मी सरांना बेदाणा नेऊन दिला आणि बोलण्याच्या ओघात शेडचं सांगून बसले. झालं. पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग शेडमध्ये. प्रत्येकानं बायकांपुढं उभं राहून आपल्या फिल्मची गोष्ट सांगायची. बायकांनी काम थांबवायचं नाही, मत द्यायचं नाही, काही नाही. सर कोपऱ्यात पोत्यावर बसून फक्त त्यांच्या हातांकडं बघणार. गोष्ट संपली की सांगणाऱ्याला एकच प्रश्न, "हात थांबले का?"

रणजितचे थांबले नाहीत. रणजित आमच्यातला सगळ्यात तडफदार. सातारा जिल्ह्यातला, शिरवळच्या अलीकडं डोंगराला टेकलेलं त्याचं गाव, आणि शिक्षणासाठी सांगलीला मामाकडं राहायचा. त्याची गोष्ट वाळूतस्करांची होती. दोन खून, एक पाठलाग, शेवटी नदीत मारामारी. त्यानं ती अंगात आल्यासारखी सांगितली. बायका बेदाणा निवडत राहिल्या. एक तर मधेच शेजारणीला विचारून मोकळी झाली, की हळदीकुंकवाला कुठलं पातळ नेसणार. पोरगं घामाघूम होऊन खाली बसलं.

मावशीला त्याची दया आली असावी. तिनं विचारलं, घरी कोण कोण असतंय तुझ्या. तो म्हणाला, वडील मिलिटरीत सुभेदार आहेत, वर बॉर्डरकडं. घरी आई आणि आजोबा. मग आपलं सांगायचं म्हणून सांगत गेला, की गावात रेंज नाही, म्हणून वडिलांचा फोन यावा यासाठी आबा रोज तिन्हीसांजेच्या आधी काठी टेकत मागच्या टेकावर चढतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. तिथं एक दगड आहे, त्या दगडावरच रेंज येते. फोन येतोच असं नाही. आला नाही तर आबा खाली येऊन आईला सांगतात, आला होता, बरा हाय म्हणला.

सर पोत्यावरून उठले आणि रणजितजवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबले गड्या," ते म्हणाले. "वाळू सोड. हे घे."

तिथून 'टेकावर' ही फिल्म सुरू झाली. आबांचं काम आबांनीच करायचं ठरलं. त्यांना अभिनय वगैरे सांगायची सोय नव्हती. तुम्ही कॅमेऱ्याकडं बघू नका म्हटलं, तर म्हणाले, मी कशाला बघू, माझं काम वरच्या अंगाला हाय. फिल्म आम्ही रणजितच्याच मोबाईलवर काढत होतो. सरांचा कडक नियम, की शूटिंगच्या फोनवर कॉल येता कामा नये. फ्लाइट मोड. आणि सेटवर बाकीच्यांचे फोन बंद करून त्यांच्या कापडी पिशवीत. ही दोन वाक्यं ध्यानात ठेवा, पुढं त्यांचाच घोटाळा झाला.

पोस्टर झालं तेव्हा सर बेहद्द खूश होते. एकच माणूस, आबा. नुसता चेहरा, डोळे वर आकाशाकडं. रंग काढून टाकलेला, कारण रंग गेला की सुरकुती बोलते, असं सर म्हणायचे. आणि वर फिल्मचं नाव नाही, खाली आमची नावं नाहीत. कारण सरांची शेवटची परीक्षा अशी, की शब्दांशिवाय पोस्टर लोकांत टांगायचं, बाजूला बसायचं, आणि लोक स्वतःहून कोणती गोष्ट रचतात ते ऐकायचं.

रणजित शिरवळला फ्लेक्सवाल्याकडं गेला. त्यानं फोटो बघितला, रणजितकडं बघितलं, आणि आवाज उतरवून विचारलं, वय? रणजितनं सांगितलं. खाली कुणाकुणाची नावं? कुणाची नको. दोन्ही बाजूला समया टाकू? रणजितला वाटलं, हा आपली कला दाखवतोय. तो म्हणाला, काही नको, कोरंच ठेवा. फ्लेक्सवाल्यानं रणजितच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळी कामं बाजूला सारून ते आधी छापून दिलं. रणजितनं हे आम्हाला त्या माणसाच्या चांगुलपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं होतं. आम्ही सगळे पदवीच्या वर्षाला होतो हो, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. सरांच्याही नाही.

रणजितच्या गावाच्या फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी सरांनी ते सकाळीच टांगलं आणि स्वतः बाकड्यावर बसले, आपल्या बाटलीतलं पाणी पीत. आम्ही आबांना घेऊन टेकावर. त्या दिवशी नुसत्या चढणीचे शॉट होते, म्हणून आबांचा फोन घरी चार्जिंगला.

पुढचं सरांनी स्वतःच आम्हाला सांगितलंय, आणि दर वर्षी नव्या वर्गालाही सांगत आले. पहिला मोटरसायकलवाला थांबला. पोस्टरकडं बघत राहिला. सरांनी मनात म्हटलं, पास. दुसरा थांबला, त्यानं टोपी काढली. सरांना वाटलं, काय ताकद आहे चित्रात. तिसऱ्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत उभा राहिला. सर म्हणतात, मी तवा हवेत होतो गड्या, पन्नास वर्षांचं सोनं झालं असं वाटालतं. मग एक माणूस बाजाराच्या पिशवीतून झेंडूचा हार घेऊन आला आणि तो हार पोस्टरला घालू लागला.

सर धावत गेले. अहो, जिवंत आहेत ते, म्हणाले. माणसानं या अनोळखी पांढऱ्या शर्टाकडं दुःखानं बघितलं. चांगली माणसं मरत न्हाईत, खरं हाय पाव्हणं, असं म्हणून त्यानं हार नीट केला.

आम्हाला टेकावर काही पत्ता नाही. ऊन कलंडलं, सर दिसेनात म्हणून आम्हीच आवरलं आणि आबांच्या मागोमाग उतरलो. घरासमोर ही गर्दी. आत बायकांचा गलका. बांधाच्या भांडणावरून ज्यांचं आबांशी कैक वर्षं बोलणं नव्हतं ते शेजारचे बापूही कठड्याला टेकून डोळे पुसतायत. आबा गर्दीच्या मागून आले, काठी टेकली आणि काळजीनं विचारलं, "कोण गेलं रं?"

ते वळलेले चेहरे मी जन्मात विसरणार नाही. एक बाई मटकन खालीच बसली. सगळा उलगडा झाल्यावर आबांनी सगळ्यांना चहा ठेवायला लावला, बापूंना आपल्याशेजारी बसवून घेतलं, आणि म्हणाले, बरं झालं, कोण कोण येतंय ते कळालं. तेवढ्यात सर पोचले. काखेत फ्लेक्सची गुंडाळी, अंगावर झेंडूच्या पाकळ्या. त्या दिवशी सूर्य मावळला आणि सरांचा डबा तसाच राहिला.

गोष्ट इथं चेष्टेवारीच संपली असती तर बरं होतं. पण त्या तिसऱ्या मोटरसायकलवाल्यानं काढलेला फोटो स्टेटसवर गेला, तिथून फिरत फिरत वर सुभेदारांच्या फोनवर. खाली कुणीतरी लिहिलेलं, आबा गेले. सुभेदारांनी आबांना फोन लावला, लागेना. पोराला लावला, फ्लाइट मोड. घरी दुसरा फोन नाही. त्यांनी साहेबांकडं जाऊन रजा मागितली आणि मिळेल त्या गाडीत बसले. खरं काय ते त्यांना वाटेत एका मोठ्या स्टेशनावर कळलं. तरी ते आलेच. घरी पोचले तो तिसरा दिवस. सावडायच्या दिवशी पोचलो असतो मी, हे त्यांचं दारातलं पहिलं वाक्य.

सर मला घेऊन एस.टी.नं त्यांच्या घरी गेले. जाऊ नका, वडील फार तापलेत, असा रणजितचा निरोप होता. सरांनी तो ऐकला आणि पिशवी खांद्याला अडकवली. सुभेदार सोप्यात खुर्चीवर ताठ बसले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"सर, तुमी शिकलेली मान्सं. मी साहेबाला सांगितलं, वडील गेले. त्यानं हातातलं काम टाकून सही केली. आता परत जाऊन काय सांगू, वडील उठून बसले?"

"सांग की, उठून चा पिला म्हणून," आबा कोपऱ्यातून म्हणाले.

मग सुभेदारांनी त्यांचा निर्णय सांगितला. भरतीसाठी रणजितच्या वयाचं शेवटचं वर्ष उरलं होतं. पिक्चरचा नाद पुरे, कॉलेज पुरे, सोमवारपासून पहाटे ग्राउंड. रणजित दाराला टेकून उभा होता. एकेका शॉटसाठी सरांशी तास तास भांडणारा पोरगा, पण त्या वेळी तो नुसता उंबऱ्याकडं बघत राहिला. बापानं तो प्रवास कसा केला असेल, ते त्याला कळत होतं.

सर म्हणाले, "चूक माझी हाय. पोस्टर मी लावलं, नाव टाकू नका हे मी सांगितलं, फोनबी मीच बंद ठेवायला लावलं. पोराचा काय संबंध नाही." त्यांनी सारवासारव केली नाही आणि गळाही काढला नाही. मग पुढं सरकून बसले. फिल्म निम्मी झालीय, म्हणाले, ती पुरी करू द्या. तुमची रजा संपायच्या आत सांगलीला येऊन बघा. "बघताना तुम्ही एकदा जरी खिशातनं मोबाईल काढलासा, तर मी स्वतः याला ग्राउंडवर आणून उभा करीन. नाही काढलासा तर याचं शिक्षण पुरं होऊ द्यायचं."

मी मुद्दाम काढला तर, असं सुभेदारांनी विचारलं. सर म्हणाले, तुम्ही मुद्दाम काढणार नाही, फौजेतली माणसं तुम्ही. सुभेदारांनी मान हलवली.

परतीच्या एस.टी.त मी सरांवर खवळले. आजकाल अंत्यविधीलाही लोक मोबाईल काढतात, आणि तुम्ही पोराचं आयुष्य त्याच्यावर लावून बसलात. सरांनी खिडकीतून सूर्य बघितला, डबा उघडला आणि मला अर्धी चपाती शेंगाचटणीबरोबर दिली. "हात थांबतील गड्या," एवढंच म्हणाले. चटणीचा एक कण सांडू न देता जेवले. असला आत्मविश्वास बघून मला धीर यायचा का संताप, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रजेचा शेवटचा आठवडा. कॉलेजचा छोटा हॉल, दुपारचा वेळ. सुभेदार इस्त्रीच्या कपड्यांत आले, एकटेच. आबा आले नाहीत. मीच केलंय ते मलाच काय दाखवताय, म्हणाले, आणि म्हशीचं कोण बघणार. कसा झाला ते सांगायला फोन कर, मी दगडावर बसतो, एवढं मात्र त्यांनी रणजितला हळूच सांगितलं होतं. सुभेदार पुढच्या रांगेत कडेला बसले, दोन्ही हात मांडीवर. रणजित मागं प्रोजेक्टरपाशी. सर पडद्याखालीच, खुर्ची फिरवून, पडद्याकडं पाठ करून. त्यांना फिल्म बघायचीच नव्हती. ते सुभेदारांच्या हातांकडं बघत होते.

फिल्म छोटीशी. आबा काठी टेकत चढतात. मधे एका झाडापाशी दम खातात. दगडावर बसून पिशवीतून फोन काढतात आणि आकाशाकडं धरतात. वाट बघता बघता काय बोलायचं त्याची तालीम करतात, इकडं सगळं बरं हाय, म्हस व्याली, गुडघा आता न्हाई दुखत. मग फोन येतो. हॅलो म्हणतात न म्हणतात तो कटतो. आणि आबा उरलेलं सगळं बोलणं त्या बंद फोनला सांगतात, शेवटपर्यंत, मधे मधे मुलाच्या उत्तरासाठी थांबत.

सुभेदारांना हे माहीतच नव्हतं. मला ते त्यांच्याकडं बघून कळलं. आबा कुणाच्या तरी गाडीवर फाट्याला जाऊन फोन घेतात, असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते. फोन लागत नाही म्हणून त्यांनीच कित्येकदा आबांवर चिडचिड केली होती. आबांनी टेकाचं कधी सांगितलंच नव्हतं.

पडद्यावर आबा बंद फोनला बोलत होते, आणि सुभेदारांचा हात मांडीवरून उठला. खिशात गेला. मोबाईल बाहेर आला. त्याचा उजेड रणजितनं मागून बघितला आणि डोळे मिटून घेतले. सुभेदार वाकून उठले आणि दाराबाहेर गेले. हॉलचं दार काही नीट बसत नाही. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, जेवलासा का? ... न्हाई, काय न्हाई झालं. सहज केला. ... ठेवू नका. बोला. मी हाय."

ते फिल्म संपल्यावर पुष्कळ वेळानं आत आले. माझ्या मनात आलं, झालं, जिंकलो आपण, आता कोण बोलतंय मोबाईलचं. तर सर उभे राहिले आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, मोबाईल काढलासा."

"व्हय," सुभेदार म्हणाले.

"मग येतो आम्ही ग्राउंडला."

मला सरांचा गळा धरावासा वाटला. बाहेर गाठून मी म्हटलं, अहो, त्यांनी तो फिल्म भिडली म्हणून काढला, एवढंही कळत नाही का तुम्हाला. सर म्हणाले, "मला कळतंय. पण मी 'कंटाळून काढला तर' असं म्हणलो नव्हतो गड्या. काढला तर, असं म्हणलो. एकदा त्या माणसाला माझ्यामुळं खोटं पडायला लागलंय. आता मी खोटं पडून कसं चालंल?" आणि खरोखरच त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं ते बापलेकाबरोबर साताऱ्याकडं गेले. चप्पल घातलेली, पिशवी खांद्याला.

ग्राउंडवरचं मला रणजितनं सांगितलं. पहाटे भरतीची पोरं गोल धावत होती, सुभेदार ट्रॅकसूट घालून कडेला उभे. सरांनी रणजितला रेघेवर आणून उभं केलं. आणि स्वतःही त्याच्याशेजारी उभे राहिले. सुभेदारांनी विचारलं, तुम्ही काय करताय. शिक्षा मलापण पाहिजे, सर म्हणाले, आणि रणजित पळायला लागला तसे तेही पळायला लागले. पांढरा शर्ट, चामडी चप्पल. पहिल्या वळणावर एक चप्पल गेली. दुसऱ्या वळणावर सर कंबरेवर हात ठेवून मातीत बसले. धावणारी पोरं थांबून बघायला लागली.

सुभेदार चालत आले. सरांची चप्पल त्यांनी वाटेत उचलली होती, ती पायाशी ठेवली. रणजितही माघारी आला होता.

"सर, ग्राउंडवर आणून उभा करीन, एवढंच म्हणला होतासा," सुभेदार म्हणाले. "पळवीन म्हणला नव्हतासा. उभा केलासा. शब्द फिटला. आता न्या त्याला माघारी."

सर मातीत बसूनच हसायला लागले. रणजित म्हणतो, तो बापाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला, आणि सर शेजारी बसून चपलेतले खडे झटकत होते.

पुढं आमच्या विभागात सरांनी एक वाक्य खडूनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, ते कुणी पुसायचं नाही: हे चित्र या गावात कशाला वापरतात? स्वतःच्या फजितीची गोष्ट ते आपल्या तोंडानं सांगायचे, झेंडूच्या पाकळ्यांसकट. बाकी एकही नियम त्यांनी बदलला नाही. फोन अजूनही पिशवीत जायचे.

सरांना मी शेवटचं बघितलं ते यंदा, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. आता ते लेकीकडं राहायला गेलेत, बंगळूरला, आणि फोन क्वचित उचलतात. त्या दिवशी आम्ही जुनी पोरं जमलो आणि कॉलेजच्या चौकात सरांचा फ्लेक्स लावायचा ठरवला. पोस्टर अर्थातच रणजितनं केलं. त्याचा आता पुण्यात ट्रेलर आणि पोस्टरचाच धंदा आहे. एकच माणूस, नुसता चेहरा, खाली शुभेच्छुक कुणी नाही. सरांनी दोन अटी घातल्या. फोटो रंगीत पाहिजे, आणि फ्लेक्स वर असेपर्यंत मी स्वतः खाली उभा राहणार, म्हणजे कुणाचा घोळ नको.

आणि राहिले की उभे. भर दुपारी, पिशवी खांद्याला, वर हसणारे रंगीत सर आणि खाली घामेजलेले खरे सर. सुभेदार आले होते. तेही आता निवृत्त होऊन गावीच असतात. आबा टेकावर चढत नाहीत. ज्याच्या फोनसाठी चढायचं तो घरातच म्हशीचं बघतो. सुभेदारांनी सरांचा फोटो काढायला खिशात हात घातला, तसं सरांनी खालूनच बोट वर केलं.

"सुभेदारसाहेब, मोबाईल काढलासा."

सुभेदार तिथंच थांबले, मोबाईल हातात तसाच. मग त्यांनी तो परत खिशात ठेवला, पुढं गेले आणि चौकात सगळ्यांदेखत सरांच्या पाया पडले. सर गडबडले. त्यांना गडबडलेलं मी तेवढंच एकदा बघितलं. एवढ्यात एक मोटरसायकल गेली. मागं बसलेल्या बाईनं वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं, आणि गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर तिची मान तशीच मागं वळलेली होती. सर डोळे पुसत पुसत तिकडंच बघत होते.

"पास," ते म्हणाले.